शेवंता पायावर बसते

आमच्या कामशेतच्या कोंडाजीभाऊंनी वीस वर्षं घाटातल्या अपघाती गाड्यांमधून माणसं बाहेर काढली. तेव्हा हात कधी थरथरला नाही. पण जी वाचली नाहीत, ती भाऊंच्या डोक्यात राहायला आली. आता मोठा आवाज झाला की त्यांचा श्वास चढतो, हात कापतात. पुतण्याच्या लग्नात फटाके वाजले आणि हा धिप्पाड गडी थेट जिलेबीच्या टेबलाखाली! लोक हसले. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. त्यानंतर तीन वर्षं भाऊ कुठल्याच लग्नाला गेले नाहीत.

मग तळेगावच्या एका कुत्री शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना शेवंता दिली. जाडजूड कुत्री, काम एकच: भाऊ कापायला लागले की पायावर बसायचं, शांत होईपर्यंत उठायचं नाही. फक्त भाऊंच्याच, हे शिकवायला बाई विसरल्या असाव्यात. ग्रामसभेत ती घाबरलेल्या सरपंचांच्या पायावर अर्धा तास बसली. सरपंचांना हलता येईना, म्हणून ते बोलतच राहिले.

यंदा भाची सारिकाचं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायचं मामानं, मागे उभं राहायचंही मामानंच. सारिकानं सांगून टाकलं, "मामा न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई."

तिची आई रतनबाई, म्हणजे भाऊंची बहीण, करवादली, "आन् कुत्रं मांडवात?"

"ती न्हाई तर मीबी न्हाई," भाऊ म्हणाले.

सोयऱ्यांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे.

मंगलाष्टकं सुरू झाली. भाऊ नवरीमागे ताठ उभे. पलीकडे नवरदेव निलेशचे पाय लटलटत होते. शेवंतानं एकदा भाऊंकडे पाहिलं, अंतरपाटाखालून गेली आणि नवरदेवाच्या पायावर बसली. अंतरपाट निघाला तरी निलेशला हार घालायला पुढं सरकता येईना. भटजी हात जोडून म्हणाले, "उठा हो बाई!" मांडव खो खो हसला.

तेवढ्यात बाहेर फटाक्यांची माळ तडतडली. अख्ख्या मांडवानं आधी जिलेबीच्या टेबलाखाली पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. भाऊ जागेवरच होते, सारिकाच्या खांद्यावर हात ठेवून. हात मात्र कापत होता, डोळे वाहत होते.

"मामा, भ्यालात व्हय?"

"न्हाई गं. तू चाललीस ना."

शेवंताला यातला फरक कुठला कळायला? नवरदेवाला सोडून ती आली आणि भाऊंच्या पायावर बसली. पंगत खोळंबली, पण सगळे थांबले. पहिली जिलेबी रतनबाईनं शेवंताच्या पुढ्यात आणून ठेवली.