दोनदा दाबायचा ब्रेक

काशीच्या अलीकडच्या पडाव गावाकडून राजघाटाच्या पुलावर चढले आणि डाव्या हाताला गंगा दिसली. धुक्यातून घाटांच्या पायऱ्या वळत वळत दूरवर गेल्या होत्या. कऱ्हाडहून निघाल्याचा चौथा दिवस. पोचले एकदाची, असं म्हणत पूल उतरले, तोच समोर पेरूंचा ठेला (हातगाडी) आडवा आला. मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. घाईनं पुन्हा दाबलं, तेव्हा पिकअप थांबली. पण तोवर बंपर ठेल्याला टेकून चार पेरू रस्त्यावर गडगडले होते.

"अरे दीदी," पेरूवाला ओरडला, "अमरूद तौल के लिया जाता है, ठोक के नहीं!"

मुकाट्यानं किलोभर पेरू घेतले.

खरं सांगायचं तर पेडल जबलपूरपासूनच मऊ लागत होतं. भिजवलेल्या कणकेत पाय घातल्यासारखं. एकदा दाबलं की खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की ब्रेक लागायचा. नर्सरीची रोपं पोचवत अकरा वर्षं मी ही गाडी चालवते आहे. "एवढ्या लांब एकटी जाऊ नकोस, ड्रायव्हर घे," असं नवरा म्हणाला होता आणि "तुमच्यापेक्षा बरी चालवते," असं मी ऐकवून निघाले होते. आता फोनवर कुठल्या तोंडानं सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोनदा दाबत दाबत, मिर्झापूरच्या अलीकडचा घाटही पहिल्या गिअरमध्ये उतरत मी काशी गाठली.

गाडी राजघाटाजवळच्या मैदानात लावली आणि नावेनं रामघाटाला गेले, कारण तिथल्या गल्लीत पिकअप शिरत नाही. आत्या वरच्या पायरीवर उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. लग्न होऊन काशीला आली ती इथलीच झाली. यजमान गेले, गुडघे गेले, आता पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून तिला सामानासकट कऱ्हाडला न्यायला मी आले होते.

घरी तिनं चूड़ा-मटर वाढलं (आपल्या पोह्यांसारखंच, पण मटार पोह्यांपेक्षा जास्त आणि वर साजूक तूप).

"बिटिया, गाडी ठीक आहे ना गं?" तिनं विचारलं. "मला बस में बसायची सवय, अशा गाडीचा भरोसा वाटत नाही."

"एकदम ठीक," मी म्हणाले. त्यानंतर ते चूड़ा-मटर काही मला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी धुऊन ठेवते असं सांगून मी निघाले. सामान घेऊन आत्या अकराला नावेनं राजघाटाला येणार होती. तोवर काम उरकेल असा माझा हिशेब. मैदानाच्या कडेलाच लल्लन मिस्त्रींचं टपरीवजा गॅरेज होतं. त्यांनी पेडल दाबून पाहिलं, ब्रेक ऑइलची डबी पाहिली. ती अर्ध्याच्या खाली होती.

"कब से है?"

"कल से," मी ठोकून दिलं.

ते गाडीखाली शिरले आणि मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू पुसून काळं बोट मला दाखवलं. "दीदी, ई कल का तेल नहीं है. इस पर तो धूल जम गई है."

लाज वाटली. चाक काढलं, ड्रम काढला. आतलं सगळं ऑइलनं माखलेलं. ब्रेक उघडणाऱ्या छोट्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. तिथून ऑइल बाहेर जात होतं आणि हवा आत येत होती. मिस्त्रींनी सिलिंडर नवा बसवला, भिजलेले ब्रेक लायनर बदलले. आता राहिली ऑइलच्या नळीतली हवा. मी पेडल दाबून धरायचं, त्यांनी चाकाजवळचा नट सैल करून बुडबुडे बाहेर काढायचे, नट आवळायचा, मग मी पाय सोडायचा. सोपं काम. तीन वेळा केलं, तरी पेडल मऊच. मिस्त्री डोकं खाजवायला लागले.

"हे काय चाललंय?"

आत्या! नाव वेळेआधी लागली होती. तिची ट्रंक, भांड्यांची पोती, हातात देवांचा डबा. आणि समोर गाडीचं एक चाक काढून बसलेली मी. सांगावंच लागलं. ती स्टूल ओढून चाकापाशी बसली आणि म्हणाली, "परत करा."

मी पेडल दाबलं. ते तळाला गेलं.

"दबाए रहिए," मिस्त्री म्हणाले.

"तू पाय काढलास," आत्या म्हणाली.

"नाही गं."

"काढलास. नट आवळायच्या आधी. हवा पुन्हा आत गेली, मी पाहिलं ना."

खरंच काढला होता. पेडल तळाला गेलं की पाय आपोआप वर येत होता, दुसऱ्यांदा दाबायला. जबलपूरपासून तेवढंच शिकला होता तो.

"उतर," आत्या म्हणाली. मिस्त्रींनी स्टूल लावलं, तिला आधार देऊन चढवलं. चष्मा सारखा करून तिनं पेडल दाबलं आणि "छोड़िए" असं स्पष्ट ऐकू येईपर्यंत गुडघा दुखत असूनही पाय तसूभर हलवला नाही. चार-पाच वेळा. मग मी दाबून पाहिलं. पेडल वरच, घट्ट! मला रडूच आलं, इतकं हलकं वाटलं. चाक बसवल्यावर मैदानात चक्कर मारून कालच्या पेरूवाल्यासमोर मुद्दाम ब्रेक लावला. त्यानं दोन्ही हातांनी पेरू झाकले. गाडी चांगली दहा हात अलीकडे थांबली.

"चाय पिलाइए माताजी को," मिस्त्री हसून म्हणाले. "आधा काम तो इन्होंने किया."

चहा पिताना आत्या बोलली. "ब्रेक खराब होतो, चालतं. तू मला 'एकदम ठीक' म्हणालीस, ते नाही चालत. मी त्याच गाडीत बसणार होते ना गं?"

मी नुसतं "चुकलं" म्हणाले.

सामान चढलं. पुलावर आत्यानं गाडी थांबवायला सांगितली नाही. मान वळवून घाट दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली. पुढे चार दिवस ब्रेक पहिल्याच दाबात लागला. खंबाटकीच्या उतारावर मात्र माझ्याबरोबर तिचाही पाय गाडीच्या तळावर घट्ट दाबलेला होता.

कऱ्हाडला अंगणात गाडी शिरली. नवरा धावत आला, आत्याच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "काय, गाडीनं त्रास नाही ना दिला?"

"एकद..." ओठांवर आलंच होतं. आत्या खाली उतरता उतरता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"दिला," मी म्हणाले. "आधी चहा टाका. मग सगळं सांगते."

आत्यानं माझा हात धरला आणि ती खाली उतरली.