शिव्यांसकट पगार

शशी बोकारे मूळचा नागपूरचा. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात एका विमा कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे इतरांनी केलेल्या चुका शोधतो आणि त्यांना नम्रपणे कळवतो. शनिवारीही त्याला हेच जमतं. जवळच्या थॉर्नबी टाऊन या तिसऱ्या श्रेणीतल्या फुटबॉल क्लबचे सामने तो वीस वर्षं बघतो आहे. इथे प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात, आणि त्याला मिळणारा पगार ही चूक आहे, असं शशीने क्लबला बरेचदा नम्रपणे कळवलं होतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. मॅनेजर महाग असो की स्वस्त, चोवीस संघांत टाऊन चौदाव्याच्या आसपास येतं. मग महाग कशाला?

त्याची बायको वरदा सरकारी हॉस्पिटलात मिडवाइफ आहे. तिला फुटबॉलमध्ये रस नाही, पण हा मुद्दा तिला पटायचा. "बाळ उलटं आलं आणि मी ते नीट काढलं, तर मला कोणी बोनस देत नाही," ती म्हणायची. "आणि नीट नाही निघालं तर कोणी दोन वर्षांचा पगार हातात देऊन घरी पाठवत नाही."

क्लबमध्ये प्रेक्षकांच्या ट्रस्टची थोडी मालकी होती, त्यामुळे संचालक मंडळात त्यांचा एक माणूस निवडून जायचा. शशी या एकाच मुद्द्यावर उभा राहिला आणि निवडून आला. महिनाभरात जुन्या मॅनेजरला काढलं. नवा निवडायच्या समितीत शशीला बसवलं.

शेवटी दोघं उरले. ॲलिस्टर व्हेन वरच्या श्रेणीत काम करून आलेला होता. त्याला वर्षाला चार लाख पौंड हवे होते. त्याने तासभर स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडवर फक्त 'भूक' एवढंच लिहिलं होतं. दुसरा कॉलिन मेअर्स, गावातल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच. त्याने साठ हजार मागितले.

"साठच का?" अध्यक्ष डंकन यांनी विचारलं. त्यांचा गालिच्यांचा धंदा होता.

"कॉलेज बेचाळीस देतं," कॉलिन म्हणाला. "आणि इथे यायला दोन बस लागतात."

तो बाहेर गेल्यावर डंकन म्हणाले, "एवढा स्वस्त माणूस आणला तर खेळाडूंना काय वाटेल?"

"महाग आणला तेव्हा जे वाटत होतं तेच," शशी म्हणाला.

त्या वर्षी स्टँडचं छत गळत होतं आणि दुरुस्तीला पैसे हवे होते. कॉलिनला घेतलं.

कॉलिन चांगला निघाला. खेळाडू त्याचं ऐकायचे. संघ चौदाव्या नंबरावर होता. मग ऑक्टोबरात टाऊन ओळीने चार सामने हरलं, आणि अडचण सुरू झाली.

हरल्यावर मॅनेजरवर ओरडायचं, ही थॉर्नबीची पद्धत. आधीच्या मॅनेजरांना लोक त्यांच्या पगाराचा आकडा सांगून ओरडायचे. कॉलिनच्या बाबतीत ते जमेना. अर्ध्या स्टँडला त्यानेच कॉलेजात शिकवलं होतं. कोणी आवाज चढवला की तो मागे वळून बघायचा आणि विचारायचा, "केव्हिन, आईचा गुडघा कसा आहे?" केव्हिन गुडघ्याबद्दल सांगून खाली बसायचा.

पण राग कुठेतरी जायला हवा. लोकांनी मान वर करून संचालकांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तिथे शशी बसला होता. पाचव्या पराभवाला अख्खा स्टँड 'बोकारे आऊट' म्हणत होता.

मँचेस्टरला शिकणाऱ्या सान्वीचा, त्याच्या मुलीचा, संध्याकाळी फोन आला. "बाबा, तुझं नाव ट्रेंडिंग आहे."

"चांगल्यासाठी की वाईटासाठी?"

"वाईट. पण स्पेलिंग बरोबर आहे."

त्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये ट्रेव्हर भेटला. ट्रेव्हर प्लंबर, आणि पंधरा वर्षं स्टँडमध्ये शशीच्या शेजारी बसणारा. तो आधी ब्रेडकडेच बघत राहिला.

"तूही ओरडलास?" शशीने विचारलं.

"ओरडलो," ट्रेव्हर म्हणाला. "वैयक्तिक काही नाही शशी. पण माझा आठवडा कसा जातो तुला माहितीये. लाखो घेणाऱ्यावर ओरडलं की घरी जाऊन जेवण जातं. कॉलिनवर ओरडलो तर मला झोप येणार नाही. मग उरतं कोण?"

शशीने घरी येऊन हे वरदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे ते पैसे खेळाचे नव्हतेच," ती म्हणाली.

"मग कशाचे?"

"बोलणी खायचे. ती तू फुकट खातोयस."

शशीला लोकांचं ओरडणं बऱ्यापैकी लागलं होतं. शनिवार जवळ आला की तो मैदानावर न जायची कारणं शोधू लागला.

एप्रिलमध्ये टाऊन चौदावंच होतं. मंडळाने कॉलिनला काढलं. विरोधात एकट्या शशीने मत दिलं. कॉलिन पुन्हा कॉलेजच्या टीमकडे परतला, तेव्हा शशी त्याला तिथल्या मैदानावर भेटायला गेला.

"माझं काय चुकलं?" कॉलिनने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"तुझ्यावर ओरडता येत नाही," शशी म्हणाला.

कॉलिनने मुलांना सरावासाठी मांडलेले प्लॅस्टिकचे कोन उचलायला सांगितलं.

चार लाखांवर व्हेन आला. पुढच्या वर्षी टाऊन सोळावं आलं. लोक मनसोक्त ओरडले. तिकिटं जास्त खपली. शशीने राजीनामा दिला आणि ट्रेव्हरशेजारी जाऊन बसला. ट्रेव्हरने त्याच्यासाठी जागा पुसून ठेवली होती.

त्या उन्हाळ्यात लँकेशायरमधल्या एका क्लबने कॉलिनला बोलावलं. त्याने शशीला फोन केला. "किती मागू?"

शशी म्हणाला, "तीन लाख."

"तूच तर वीस वर्षं म्हणतोयस की—"

"माझा हिशोब अजूनही बरोबर आहे," शशी म्हणाला. "तरी तीन माग. कमी घेतलेस तर तिथे दुसऱ्याच कोणाला तरी फुकट बोलणी खावी लागतील."

त्यांनी लगेच दिले. असा आत्मविश्वासाचा माणूसच आम्हाला हवा होता, असं तिथल्या अध्यक्षांनी पेपरात सांगितलं.

नोव्हेंबरात शशी सान्वीला घेऊन कॉलिनचा सामना बघायला गेला. कॉलिनचा संघ तीन गोलांनी हरला. शेवटची वीस मिनिटं लोक त्याच्या पगाराचा आकडा म्हणत होते. कॉलिन कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. एकदाही मागे वळला नाही.

सामना संपल्यावर तो पार्किंगमध्ये आला. हातात तीन चहा.

"वाईट नाही वाटलं?" सान्वीने विचारलं.

"वाटलं," तो म्हणाला. "पण इथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. ते ओरडले आणि घरी गेले. उद्या सकाळी मी मुलांना घेऊन पुन्हा सराव करीन."

मग त्याने डावीकडचा बचाव सांभाळणाऱ्या लेफ्ट बॅकबद्दल शशीचं मत विचारलं. शशीने त्या खेळाडूच्या तीन चुका नम्रपणे सांगितल्या. दोन कॉलिनला पटल्या, तिसरीवर वाद झाला. पार्किंग रिकामं होत गेलं तरी दोघं कॉलिनच्या गाडीच्या बॉनेटवर बोटाने रेघा ओढून एकमेकांना समजावत होते. सान्वीने स्टेशनला जायची टॅक्सी दोनदा रद्द केली.