शिंदेदादांचे शेंगोळे

एका चुलीवर घरापासून लांब पडलेल्या चार पुरुषांची जेवणं व्हायला लागली, की किस्से आपोआप साचतात. भांडी घासायला बाई मिळते, पण किस्से घासून टाकायला कुणी मिळत नाही! आमच्या कल्याणच्या बिऱ्हाडात ते इतके साचलेत, की आता कुणी नुसतं 'हुलगे' म्हटलं तरी मला हसू फुटतं आणि घरातली मंडळी म्हणतात, "झालं, ह्यांची गाडी सुटली."

बिऱ्हाड म्हणजे काय, तर स्टेशनच्या यार्डामागचं दोन खोल्यांचं कौलारू घर. मी स्टेशनात तारबाबू, मूळचा रत्नागिरीकडचा. गणपत इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, डोंबिवलीचा आगरी गडी. पास्कू मालगाडीवरचा ब्रेकवाला, माजिवड्याचा किरिस्ताव. तो आमच्यात राहत नव्हता, पण जेवायच्या वेळेला यायचा कधी चुकला नाही. आणि आमचे म्होरके शिंदेदादा, जुन्नरकडचे, यार्डात सांधेवाले. रुळाचा सांधा फिरवून गाडी ह्या लायनीवरून त्या लायनीवर घालायची, ही त्यांची नोकरी. शेंगोळे करायचे, हा त्यांचा धर्म.

ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, पीठ घट्ट मळायचं, तळहातावर वळून त्याची वेटोळी करायची आणि लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायची. रस्सा दाट झाला, की वाडगा भरून घ्यायचा. ऐन थंडीत खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आला पाहिजे. नाही आला तर दादा तो वाडगा मोजत नसत!

दादांना एकच काळजी होती. कंपनीनं त्यांना फाटकाजवळ एक स्वतंत्र खोली दिली होती, पण कुटुंब आणायच्या बोलीवर. संक्रांतीपर्यंत कुटुंब आलं नाही, तर खोली दुसऱ्याला जाणार, असं साहेबानं बजावलं होतं. आणि येसूवहिनी काही गाव सोडायला तयार नव्हत्या. शेत दिराकडं, सासू वारलेली, मुलीचं लग्न झालेलं. अडत काहीच नव्हतं. तरी नाही म्हणजे नाही! दादा रोज कामावरून येताना त्या खोलीचं कुलूप उघडायचे, झाडून घ्यायचे आणि परत कुलूप लावायचे. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

*

मी बिऱ्हाडात आलो तो पहिलाच रविवार. दादांनी शेंगोळे पाण्यात सोडले आणि मला म्हणाले, "तारबाबू, जरा बघा हिकडं. म्या आलोच."

आता हुलगे म्हणजे आमचे कुळीथच, आणि कोकणातल्या माणसाला कुळथाचं पीठ आणि उकळतं पाणी एकत्र दिसलं, की त्याला एकच गोष्ट सुचते. पिठी, म्हणजे पातळ पिठलं! आणि पिठीला गुठळी झाली तर आमच्याकडे सुनेचा उद्धार होतो. मी पातेल्यात डोकावलो, तर गुठळ्याच गुठळ्या! मी पळी घेतली आणि जीव तोडून घोटायला लागलो. एक गुठळी म्हणून शिल्लक ठेवली नाही.

दादा आले. पातेल्यात बघितलं. माझ्या घामेजलेल्या तोंडाकडं बघितलं.

"एकबी ऱ्हायला न्हाई?"

"एकही नाही!" मी अभिमानानं म्हणालो.

त्या दिवशी सगळ्यांनी पिठी प्यायली. पुढं कित्येक महिने शेंगोळे शिजत असताना मला पातेल्यापासून हातभर लांब बसवलं जायचं आणि गणपत मध्ये पाय आडवा टाकायचा.

*

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. लागतच नव्हतं. कसाऱ्याकडची मालगाडी सिग्नलाशी आली, की शेंगोळे पाण्यात सोडायचे, आणि मेलची शिट्टी ऐकू आली, की पातेलं उतरवायचं. हा दादांचा नेम. एवढ्या वेळात ते असे शिजायचे, की दातानं तुटावेत पण हातानं मोडू नयेत.

एकदा मालगाडी वेळेवर गेली, शेंगोळे पाण्यात पडले आणि मेल काही येईना. गणपत धापा टाकत माझ्याकडं तार ऑफिसात आला.

"बाबू, मेल कय रं हाय?"

"घाटात इंजिन बिघडलंय. अजून निघालीच नाही."

"मेलो! शेंगोल्यांचा लगदा व्हयाल!"

"अरे, मग दादांना सांग ना, उतरवा म्हणून!"

तो पळत गेला आणि तसाच पळत परत आला. दादांनी नकार दिला होता. मी ड्युटी सोडून स्वतः गेलो. दादा चुलीपुढं मांडी घालून बसले होते. रस्सा आटून पातेल्याला धरायला लागला होता आणि करपल्याचा वास यार्डापर्यंत गेला होता.

"दादा, मेल लेट आहे हो! तार मीच घेतलीय. उतरवा!"

दादा शांतपणे म्हणाले, "तारबाबू, सांधा असू द्या न्हाईतर पातेलं. इशारा मिळाल्याबिगर म्या हात लावत न्हाई."

ते शेंगोळे आम्ही विळीवर कापून वड्यांसारखे खाल्ले.

*

पास्कू आपला वाडगा बरोबर आणायचा आणि उंबऱ्याशी बसून जेवायचा. काळच तसा होता. आम्ही आत, तो उंबऱ्यात, आणि गप्पा मात्र चौघांच्या एकत्र. सगळ्यात जास्त वाढ उंबऱ्यातच व्हायची, हेही खरं!

एकदा तो म्हणाला, "दादा, आजपासून माझा उपास हाय. ईस्टरपरत."

दादा पळी हातात धरून थबकले. माणूस उपाशी राहणार म्हटल्यावर त्यांचा जीव कळवळला. "आरं, मग तुला हुलगं चालायचं न्हाईत. साबुदाणा आणू का?"

"हुलगे चालतान, दादा. भाकरी पन चालते. आमचे उपासाला मटन चालत नाय."

दादांनी पातेल्यात एकदा पळी फिरवली. मग हळूच गणपतला म्हणाले, "म्हंजी आपुन पगाराच्या दिसापत्तुर समदे किरिस्ताव की रं!"

*

गणपत ज्या इंजिनावर होता, त्याचा ड्रायव्हर गोरा साहेब होता. लालबुंद, आडदांड आणि शिवराळ. एकदा लांबच्या फेरीला दादांनी गणपतबरोबर शेंगोळ्यांचा डबा दिला. गणपतनं तो तापवायला बॉयलरच्या कडेवर ठेवला. लसणाचा वास सुटला तसा साहेब वळला.

"क्या है?"

गणपतला वाटलं, आता डबा रुळावर जाणार. पण साहेबानं वाकून वास घेतला आणि एक शेंगोळा तोंडात टाकला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाकातूनही! गणपत सांगायचा, "सायबाचा त्वांड पयलाच लाल, त्याच्यावर आनिक लाल कसा जाला त्यो द्येवालाच ठावं!"

साहेब इंजिनाच्या टाकीतलं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि अचानक मवाळ होऊन म्हणाला, "मेरा माँ भी बनाता. गोश्त का पानी, उसमें आटा का गोला. बहोत ठंडा मुलुख." आणि पुढच्या स्टेशनापर्यंत तो एक शिवीही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःचा टिनाचा मग घेऊन आला आणि गणपतपुढं धरून ओरडला, "गोला जास्ती! मिर्ची कम!"

दादांना हा निरोप पोचला. त्यांनी गोळे जास्ती घातले. मिरची कमी करायचं काम त्यांच्या हातून झालं नाही.

*

आता वहिनी का येत नव्हत्या, ते ऐका. जुन्नरकडून घाट उतरून मुरबाडमार्गे धान्याच्या गाड्या कल्याणच्या बाजारात यायच्या. त्यांतला बाळा गाडीवान दादांच्या गावचा. वहिनी त्याच्याबरोबर हुलग्याचं पीठ पाठवायच्या. त्याला आम्ही कौतुकानं जेवायला बसवायचो, आणि हा गडी गावी जाऊन वहिनींना सांगायचा, "दादांची काळजी नगं. त्ये असले शेंगुळं करत्यात, की तुमचं बी फिक्कं पडत्याल!"

एका खेपेला त्यानंच वहिनींचा उलटा निरोप आणला. "वैनी म्हनल्या, मंग माजी काय गरज हाय थितं? पीठ धाडते. खुशाल ऱ्हावा म्हनावं."

दादांचा चेहरा पडला. माणूस आपल्या हातच्या गुणामुळंच फसला होता! गणपत बाळाच्या अंगावर धावून गेला, पण बाळाचं तरी काय चुकलं? तो खरं तेच बोलला होता.

मग आमची मसलत बसली. पास्कूनं तोड काढली. "दादा, पुढचे खेपेला बालाला एकदम खराब जेवन द्या. तो गावात जाऊन सांगेल, दादाचा हाल हाय. वयनी धावत येल."

तोड नामी होती. अडचण एकच, दादांना खराब करता येईना!

पुढच्या खेपेला बाळा दोन दिवस मुक्कामाला होता. पहिल्या दिवशी दादांनी मूठभर मीठ जास्त टाकलं. मग चुलीपुढून उठेनात. थोड्या वेळानं हळूच पाणी वाढवलं, मग पाणी पातळ दिसतं म्हणून पीठ लावलं, मग पीठ लावलं म्हणून लसूण ठेचून घातला. पातेलं दुप्पट झालं आणि चव अशी, की आम्ही बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी ते फोडणी करपवायला बसले. लसूण लाल झाल्याबरोबर त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि पातेलं खाली आलं.

"दादा, जलू द्या की!" गणपत ओरडला.

"न्हाई रं जमत," दादा रडकुंडीला येऊन म्हणाले. "अन्न हाय त्ये!"

ती खेप वाया गेली. बाळा तृप्त होऊन, ढेकर देत गावी गेला. संक्रांत जवळ आली होती. फाटकाजवळची खोली बघायला एक नवा सांधेवाला बायकोला घेऊन येऊन गेला. तिनं तर चूल कुठं घालायची तेही ठरवलं. दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

*

आणि एक दिवस भर दुपारी बाळाची गाडी दारात थांबली आणि तीतून येसूवहिनी उतरल्या. हातात एकच गाठोडं.

"दोन दिस ऱ्हाते. बाळाच्या गाडीनं मागारी जाते," त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. "तुमी कसं ऱ्हाता त्ये बघाया आले."

दादांना आनंद झाला आणि त्याच क्षणी धडकीही भरली. दोनच दिवस! वहिनी घाट उतरून दमल्या होत्या, म्हणून दादाच चुलीपुढं बसले. आम्ही तिघांनी परसात जाऊन एकमेकांना शपथ घातली. आज काही झालं तरी दादांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. दादांना आवरत नसेल, तर आपण आवरायचं!

दादांना कुठलं आवरतंय? बायको घाट उतरून आलेली. त्या दिवशीसारखे शेंगोळे मी आयुष्यात पुन्हा खाल्ले नाहीत.

वहिनी दाराआड वाडगा घेऊन बसल्या. आम्ही जेवायला बसलो. पहिला घोट घेतल्याबरोबर माझ्या कपाळावर घाम आला. मी तोंड वाकडं केलं.

"दादा, आज मीठच नाही की हो!" मी म्हणालो आणि वाडगा पुढं केला. "बरं, घाला अजून थोडे."

"कच्चं ऱ्हायलं," गणपत म्हणाला. तो तिसऱ्यांदा घेत होता. "वैनी, आमी रोज ह्योच खातव. जगलाव कसं त्यो ईचारू नका!"

पास्कू उंबऱ्यातून कळवळून म्हणाला, "वयनी, दादाचे पोटात दुखते रोज. घरचा मानूस नाय ना!" आणि वाडग्याच्या तळाला बोट फिरवून चाटलं.

दादा मान खाली घालून पळी धरून बसले होते. नावं ठेवलेली त्यांना सोसत नव्हती, आणि बोलायचीही सोय नव्हती.

 मग दाराआड वाडगा खाली ठेवल्याचं ऐकू आलं. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आल्या. पातेल्यात डोकावल्या. तळाशी घोटभर रस्सा आणि थोडे शेंगोळे उरले होते. त्यांनी आमच्या तिघांकडं एकदा बघितलं. गणपतनं वाडगा पाठीमागं लपवला.

मग त्या दादांकडं वळल्या.

"वरसातनं दोनदा घरला येता. आलं की पाटावर बसता. म्या पानी दिलं तर प्येता, म्या वाढलं तर खाता. बाळा सांगायचा त्ये म्या निम्मं बी खरं धरलं न्हाई. आन इतकी वरसं म्या समजत हुते, ह्या मानसाला चूल कुटल्या बाजूनं पेटती त्ये बी ठावं न्हाई!"

"आगं, हितं आल्याव जरा जरा..." दादा पुटपुटले.

"जरा जरा?"

दादांनी पळी खाली ठेवली.  आता ही बाई गाठोडं उचलणार आणि दादांची खोली गेली, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

वहिनींनी दाराबाहेर तोंड काढलं. "बाळा! तू जा मागारी. भावजींना सांग, माजी लुगडी आन जातं फुडल्या खेपंला धाडून द्या."

दादा ताडकन उठले. त्यांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. घाईघाईनं चुलीपुढची जागा पुसून ते म्हणाले, "ये, बस, बस! ही चूल आता तुजी!"

वहिनींनी भिंतीला टेकवून ठेवलेला पाट घेतला, चुलीपासून चांगला लांब मांडला आणि त्यावर ऐसपैस बसल्या. मग रिकामा वाडगा पुढं धरला.

"हं," त्या म्हणाल्या. "वाढा!"