रिकाम्या कॅपची पाच मिनिटं

भोसरीच्या एका लहान कारखान्यात मी एकटीच बोर्ड तपासायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण ते काम नीट बघण्याचं होतं आणि बघायला मी कमी नव्हते. बोर्ड पुढे मशीनमध्ये बसायचा. लाईट गेली की त्यावरचा जाड कॅप, म्हणजे वीज साठवणारा कपॅसिटर, मशीनला दहा-बारा सेकंद वीज द्यायचा, म्हणजे काम कुठवर आलं ते मशीनला लक्षात ठेवता यायचं. लाईट गेली असं कधी धरायचं, कॅपवर कधी जायचं, तो रिकामा असला तर किती हळू भरायचा, हे सगळं बोर्डातली एक चिप ठरवायची. इंजिनिअर मॅडम त्याला लॉजिक म्हणायच्या.

टेबलावर कामाचा कागद चिकटवलेला होता. पहिली ओळ, 'कॅप पूर्ण रिकामा करा.' त्यासाठी एक रेझिस्टर लावून पाच मिनिटं थांबायचं. मग विजेचा सप्लाय द्यायचा, हिरवा दिवा लागला की सप्लाय काढायचा आणि दिवा किती टिकतो ते बघायचं. पण आधीच्या टेबलावर चिपमध्ये प्रोग्राम घालताना कॅप भरूनच यायचा. भरलेलं ओतायचं आणि परत भरायचं, कशाला? हे बोर्ड नवे आले तेव्हापासूनच मी ती पाच मिनिटं गाळत होते. दिवसाकाठी माझे बोर्ड ठरल्यापेक्षा जास्त निघायचे आणि मला त्याचा तोरा होता.

मग चाकणच्या एका कंपनीतून खोकंभर बोर्ड परत आले. तिथल्या स्टोअरमध्ये ते बरेच दिवस पडून होते. लावले तर दिवा नुसता लागतो, विझतो, लागतो, विझतो.

सुपरवायझर म्हणाला, "कॅपचं सोल्डर कच्चं आहे. दुसरं काय?"

कॅप सोल्डरने बोर्डाला जोडायची ती काळेवाडीत राहणारी बीडकडची बाई. घरात कमावणारी ती एकटी. तिला शनिवारनंतर येऊ नको म्हणून सांगितलं.

"मावशी, म्या तर लई जपून लावते वो," ती मला म्हणाली.

मंगळवारी मी परत आलेला एक बोर्ड घेतला. सप्लाय दिला, तर तीच लुकलुक. मग आधीच्या टेबलावर नेऊन तिथल्या मोठ्या सप्लायवर त्याचा कॅप भरून आणला. बोर्ड तासभर नीट चालला. बोर्ड तोच, सोल्डर तेच. सोल्डर कच्चं असतं तर भरलेल्या कॅपवरही दिवा टिकला नसता. मला कळलं, स्टोअरमध्ये पडून कॅप रिकामे झाले होते, आणि रिकामा कॅप मी कधी तपासलाच नव्हता. तरी शुक्रवारपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी सुपरवायझर एका नव्या बाईला बीडवालीची जागा दाखवायला घेऊन आला. तेव्हा मी उठून मॅडमकडे गेले.

"मॅडम, सोल्डरचं काय न्हाई. कॅप रिकामा असला की बोर्ड उठत न्हाई."

"पण मावशी, तुम्ही रिकामा करूनच तपासता ना?"

"न्हाई. चार महिने झालं, न्हाई करत."

मॅडमनी परत आलेला एक बोर्ड घेतला. त्यांनी मीटर लावला. रिकामा कॅप पहिल्या झटक्यालाच इतकी वीज ओढायचा की सप्लाय खाली बसायचा. चिपला वाटायचं लाईट गेली. ती कॅपवर जायची, तिथे काहीच नसायचं, बोर्ड बंद पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून तेच.

"चूक माझ्या लॉजिकमध्ये आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ती तुमच्या टेबलावर सापडायला हवी होती."

त्यांनी प्रोग्राम बदलला. कॅप आधी थेंबाथेंबाने भरायचा, आणि पुरेसा भरल्याशिवाय चिपने त्याच्याकडे वळायचंच नाही.

सुपरवायझरने मला पॅकिंगला बसवलं. "मावशी, कागद वाचता येतो ना तुम्हाला?"

"येतो. वाचला होता."

"मग?"

"मग काय? शहाणपणा केला."

बीडवाली तिच्या जागेवर राहिली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमाला कधी कळलं वो, मावशी?"

"मंगळवारी."

"अन् सांगितलं शुक्रवारी?"

"माझं काम जाईल म्हणून गप्प बसले."

"त्या तीन दिवसांत म्या दोन कारखान्यांत इचारून आले. उन्हातानात." एवढं बोलून ती उठली आणि दुसऱ्या बायकांत जाऊन जेवली. त्यानंतर वर्षभर आम्ही एकाच कारखान्यात होतो. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला मावशी म्हणायचं तिने सोडलं, आणि मीही कधी त्याबद्दल विचारलं नाही.