उसाशेजारची फुली

हसायचं असंल तर चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागं हा किस्सा ऐकताना एकानं माझ्या सदऱ्यावर चहा उडवला, त्याचा डाग अजून गेला न्हाई.

मी रफीक पेंटर. चौसाळ्यापासून नांदूरघाटापर्यंत दुकानाच्या पाट्या माझ्याच हातच्या. आणि इलेक्शन आलं की भिंतीच भिंती! कपबशी काढायची, शिट्टी काढायची, शेजारी चौकोन, चौकोनात लाल फुली. म्हणजे काय, तर ह्या चिन्हापुढं फुली मारून निवडून द्या. ती फुली हातात अशी बसलीय की झोपेतबी सरळ येती. त्याच फुलीनं माझा घात केला.

त्या साली पावसानं दगा दिलता. सगळ्या गावाला एकच विहीर, तिच्या बांधाला लागून गावचे मोठे बागायतदार बप्पा, त्यांचं रान, अन् रानात बप्पांचे बोअर. तिथं ऊस लावला तर विहीर उन्हाळा काढणार न्हाई, हे शेंबड्या पोरालाबी कळत होतं. विहीर आटली की जनावरं छावणीला, अन् गावच्या डेअरीला कुलूप. माझी बायको शमीम आमच्या म्हशीचं दूध त्याच डेअरीला घालायची. म्हणजे माझ्या घरची चूलबी त्या विहिरीवरच!

डेअरीच्या चेअरमन होत्या अक्का, अन् डेअरीचं इलेक्शनबी तोंडावर आलतं. त्यांनी मला बोलावलं.

"रफीक, डेअरीच्या भिंतीवर चित्र काढ. यंदा ऊस नको, एवढंच सांगायचंय. लिहू नको काही. लिहिलेलं आपल्याकडं कोण वाचतंय? बघितलं की कळलं पाहिजे."

"अक्का, असं काढतो की आंधळ्यालाबी दिसंल!"

काढला ऊस. भिंतीएवढा! एकेक पेर, एकेक डोळा, वाळलेलं पाचट, वर हिरवं वाढं. एक म्हैस येऊन भिंतीला जीभ लावून गेली, खोटं सांगत न्हाई. आता त्यावर लाल फुली मारायची. ब्रश बुडवला, हात उचलला, पण मारायला जीवच होईना. एवढ्या देखण्या उसाचं वाटोळं कसं करायचं हो? मग म्हटलं, फुली शेजारी मारू, लोकांना काय कळायचं ते कळंल. शेजारी झकास चौकोन काढला, चौकोनात फुली, अन् फुलीला लागून आपलं नाव. रफीक पेंटर. मागं सरून बघितलं अन् स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

तुमच्या ध्यानात आलं ना? माझ्या न्हाई आलं!

सकाळी बप्पा आले. "काय बे रफीक, उसावर कोण उभं हाय?"

"उसावर कोण उभं राहील बप्पा? मोडंल की!"

"येड्या, डेअरीच्या इलेक्शनला! तुला चित्र काढायला कुणी सांगितलं?"

"अक्कांनी."

"असं हाय व्हय!" म्हणून बप्पा निघून गेले. मीबी चहाला गेलतो.

दुपारपर्यंत गावभर झालं, अक्कांचं चिन्ह ऊस. अन् इतके दिवस अक्कांच्या शब्दाखातर थांबलेले लोक म्हणायला लागले, "अक्काच ऊस म्हणत्यात, तर आपण कावून थांबायचं?" बप्पांनी तर लावणीला उसाच्या बेण्याची ट्रॉली सांगूनबी टाकली!

अक्का तणतणत आल्या. "रफीक्या! मी सांगितलं काय, तू काढलंस काय?"

"अक्का, फुली हाय की!"

"कशावर हाय?"

मी भिंतीकडं बघितलं. "शेजारी हाय," म्हटलं, अन् तिथंच मला घाम फुटला.

पळत जाऊन शिडी लावली. डोळे मिटून उसावर फुली ओढायला घेतली, तर खालून आरडाओरडा. "अरे, अक्काच्या चिन्हावर फुली मारतोय बे! समोरच्या पार्टीला मिळाला!" कुणीतरी शिडी ओढली. मी खाली, लाल डबा माझ्या डोक्यावर! अक्का मधी पडल्या म्हणून वाचलो, न्हाईतर रंग कुठला अन् रगत कुठलं, तेबी कळलं नसतं.

तोंड धुवायला विहिरीवर गेलो. बाया पाणी शेंदत होत्या. दोर आत चाललाय, चाललाय, पोहरा काही पाण्याला लागंना. तेव्हा पहिल्यांदा मी तो दोर नीट बघितला. सगळ्या गाठीच गाठी! पाणी जसं खाली गेलं तसा बायांनी एकेक तुकडा जोडलेला. कुणाचा कासरा, कुणाची कपडे वाळवायची नायलॉन, बप्पांच्या म्हशीचं दावं. अन् सगळ्यात शेवटी पिवळी दोरी. ती मी ओळखली. माझ्या लेकीच्या पाळण्याची. शमीमनं कधी सोडून आणली, मला पत्ताच न्हाई. मी भिंतीवर ऊस नटवत बसलो होतो, अन् गावाचं पाणी पाळण्याच्या दोरीला लटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊस चुन्यानं पुसला. त्या जागी वरच्या पत्र्यापासून पार जमिनीपर्यंत दोर काढला. ज्याचा तुकडा, त्याचाच रंग. गाठ तिथं गाठ. तळाला पोहरा अन् त्याच्या खाली बोटभर निळं.

बप्पा आले. लई वेळ बघत राहिले.

"हे दावं आमचं हाय."

"व्हय बप्पा."

"ह्या पिवळीच्या खाली आता काय जोडायचं?"

"जोडायला काही राहिलं न्हाई बप्पा."

तेवढ्यात बेण्याची ट्रॉली आली. बप्पांनी हात आडवा केला. "फिरव माघारी," म्हणाले. "यंदा न्हाई लावायचा." खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात माझं चित्र कुणी एवढं बघितलं नव्हतं.

जाता जाता बप्पा वळले. "रफीक, मत तुलाच बरं का!"

"मला? कशाचं?"

त्यांनी बोट दाखवलं. मी चुना फक्त उसावर मारलता. कोपऱ्यात चौकोन तसाच, चौकोनात लाल फुली, अन् फुलीला लागून ठळक अक्षरात, रफीक पेंटर!

मी लगेच पुसलं, पण गावाला जे कळायचं ते कळून गेलतं. डेअरीच्या मतमोजणीत कितीतरी चिठ्ठ्यांवर पेनानं माझं नाव लिहिलेलं निघालं. तेवढ्या सगळ्या बाद! अक्का आल्या निवडून, तरी चहाच्या टपरीवर मी जरा छाती काढूनच बसलो. घरी आलो. शमीम म्हशीची धार काढत होती.

"काय गं, तूबी माझंच नाव लिहिलंस ना?"

तिनं वरबी बघितलं न्हाई.

"ज्याला फुली कुठं मारायची ते कळत न्हाई, त्याला मी कावून मत देऊ?"