तीन वेढ्यांची गाठ

गादीवालीच्या हाताखालून अख्ख्या गल्लीच्या पाठी गेल्या होत्या. कोण कुशीवर झोपतो, कोणाचा भार एकाच अंगाला पडतो, कुठल्या नवराबायकोच्या गादीचा मधला कापूस कधी दबतच नाही, हे गादी उसवली की तिला कळायचं. कळायचं, पण बोलायची नाही. चाळीस वर्षं धंदा टिकला तो त्या न बोलण्यावर.

स्वतःची गादी मात्र तिनं कोणाला उसवू दिली नाही. पोरं लहान असताना विचारायची, "आई, आपल्याकडे सोनं आहे का गं?" ती म्हणायची, "आहे ना, या गादीत भरलंय," आणि दोघांना धरून गादीवर लोळवायची. नवरा गेला, पोरांची लग्नं झाली, तरी कोणी काही विचारलं की उत्तर तेच. "माझं काय आहे ते गादीत."

आठ दिवसांपूर्वी ती दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि कंबरेवर आपटली. हाड वाचलं. आज दुपारी मुलानं तिला खुर्चीसकट उचलून दुकानावरच्या खोलीत आणलं. हा धाकटा. शाळेची बस चालवतो. तोंड उघडलं की तावदानं हलतात, म्हणून घरात त्याला भोंगा म्हणतात.

"हॉस्पिटलचं जेवण मानवलं आई तुला! खुर्ची करकरतेय!"

"खुर्ची नाही, माझे कान करकरतायत. हळू बोल."

थोरली लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आठही दिवस उशाशी तीच होती, घरी यायची ती आईचे कपडे न्यायला तेवढी. तिनं चादर ताणली, उशी थोपटली. "पड जरा. चारला वकील येतील, तोवर डोळा लाव."

वकील सही घ्यायला येणार होते. दुकान आणि वरची खोली लेकीच्या नावावर, तेही आजपासून. गादीवालीनं हॉस्पिटलात पडल्या पडल्याच ठरवलं होतं. काल भोंग्याला सांगितलं, तेव्हा तो जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "आणि मी? वाऱ्यावर?" त्यानंतर त्यानं विषयच काढला नव्हता, आणि ते तिला जास्त टोचत होतं.

लेक चहा टाकायला गेली. भोंगा वकिलांसाठी खुर्ची आणायला खाली उतरला. गादीवाली आडवी झाली, आणि कंबरेखाली काहीतरी रुतलं.

लिंबाएवढा गोळा. तिच्या गादीत!

असा गोळा एकाच कारणानं होतो. कापूस बाहेर काढायचा आणि न पिंजता घाईघाईनं परत कोंबायचा. तिला आधी भोंग्याचंच नाव सुचलं. खोलीची एक किल्ली त्याच्याकडेही होती. मेल्या, निदान मला विचारलं असतंस!

दात खाऊन ती कुशीवर वळली आणि गादीच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवू लागली. पहिला टाका सुबक. दुसराही सुबक. तिचं बोट एका गाठीवर थांबलं. एक वेढा, दोन, तीन.

तीन वेढ्यांची गाठ ही तिची जुनी रीत. दोन पोरांपैकी एकच ती शिकलं होतं. पण पाच वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला, तिसरा वेढा ओढवेना, तेव्हापासून ती दोनच घालायची. गेल्या हिवाळ्यात या गादीला नवी खोळ घातली तेव्हाही दोनच. तिनं खालच्या कडेच्या अकरा गाठी चाचपल्या. अकराच्या अकरा तीन वेढ्यांच्या. घट्ट, एकसारख्या, ती स्वतः पन्नाशीत घालायची तशा.

भोंग्याची चोरी तिनं एका घोटात गिळली असती. ही घशाखाली उतरेना.

जिना वाजला. वकील आले, घाम पुसून बसले, कागद उलगडले. लेकीनं आईला उशीला टेकवून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, हातात पेन दिलं. भोंगा खिडकीशी पाठ करून उभा राहिला.

"इथे आणि इथे," वकील म्हणाले.

पेन कागदाला टेकलं आणि तसंच राहिलं.

"पोरी, खालून दाभण आणि कात्री आण. पाठीला गोळा लागतोय."

लेकीनं वकिलांपुढे कपबशी ठेवली. "नंतर बघू ना आई. साहेब खोळंबलेत."

"साहेब खुर्चीवर बसलेत. गोळ्यावर मी बसलेय."

"गोळा? तुझ्या गादीत?" भोंगा वळला. वाकून त्यानं हात घातला. "अगं खरंच! कोणी उसवली ही?"

"माझ्याकडे काय बघतोस?" लेक एकदम कडाडली. "किल्ली तुझ्याकडेही आहे!"

"ताई, मी कुठे तुझ्याकडे बघितलं?" त्यानं शर्टाची कड पुढे केली. बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती. "आणि मी शिवणार? मी?"

वकिलांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"हात अजून चांगला आहे तुझा," गादीवाली लेकीला म्हणाली. "तीन वेढे, एक ढिला नाही."

"तूच शिकवलेस."

"हो. पण मी आता दोनच घालते. पाच वर्षं झाली." तिनं अंगठा वर धरला. सांधा आवळ्यासारखा सुजलेला, नख आत वळलेलं. आठ दिवस लेकीनं हाच हात पुसला होता, याच हातात गोळ्या दिल्या होत्या. आत्ता ती त्या अंगठ्याकडे नवीनच काही दिसल्यासारखी बघत राहिली.

"मला वाटलं," लेक म्हणाली, "कागद माझ्या नावाचा करशील आणि सोनं गुपचूप भोंग्याला देशील. तुझा जीव त्याच्यावरच. कायमचाच."

"मग? काय सापडलं?"

"कापूस."

"तेवढंच होतं. दुकानात पहिल्या वर्षी आला त्यातला निवडक. घरात भारी म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच गं."

तिनं पेनाला टोपण लावलं. "वकीलसाहेब, हा कागद राहू द्या."

"मग कुणाच्या नावानं करायचा?"

"कुणाच्याच नाही. दुकान भाड्यानं देते. त्यात माझं दुखणं निघेल, हाताखाली एक बाई ठेवीन. कोणाच्या तोंडाकडे बघायला नको आणि कोणी माझ्या गादीकडे बघायला नको. मी गेल्यावर उरलं तर दोघांना सारखं. नाही उरलं तर ही गादी घ्या, मधोमध कापून."

वकील कागद गुंडाळून जिना उतरले.

भोंग्यानं आईला उचलून खुर्चीत बसवलं. लेकीनं दाभण, मेण लावलेला दोरा, कात्री आणली आणि जमिनीवर बसून स्वतःच्या अकराही गाठी कापल्या. गोळा बाहेर काढला, बोटांनी पिंजून मोकळा केला, परत पसरला. मग तिनं दाभणात दोरा ओवला.

"आण इकडे," गादीवाली म्हणाली.

भोंग्यानं गादीची कड उचलून तिच्या मांडीवर धरली. पहिल्या गाठीला अंगठा थरथरला तशी लेक दोऱ्याचं टोक धरायला पुढे झाली.

"राहू दे."

दुसरी, तिसरी, सहावी. एकेका गाठीला चांगला वेळ लागत होता. नवव्या गाठीला दोरा हातातून सुटला. लेकीनं घाबरत घाबरत टोक धरलं आणि आईकडे बघितलं.

या वेळी गादीवालीनं ते तिला धरू दिलं आणि दुसरा वेढा ओढला.