मामांची गिटार आणि प्रेस शॉप

आमच्या वसाहतीत गाण्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी विहारामागच्या कट्ट्यावर त्याची तपासणी व्हायची. गाणारा कसा गायला, हा विषय पहिल्या चहातच संपायचा. बाकीचा सगळा वेळ माझ्या मामांच्या गिटारीसाठी असायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वणीजवळच्या खेड्यातून नाशिकला कॉलेजात शिकायला आलो. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकपुढे गेलेलं नव्हतं. मामांनी मला ठेवून घेतलं. दोन खोल्यांत मामा, मामी, त्यांच्या दोन मुली आणि मी असे राहत होतो. मामा अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पत्र्यातून भाग कापून काढणारी अवजड यंत्रं तिथं रांगेनं बसवलेली होती आणि पाळीभर ती आदळत असत. मी पदवीधर झालो, पुढे शिक्षक झालो, तो त्या नोकरीच्या आधारावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या नोकरीशीच बांधलेलं आहे.

वसाहतीची गाण्याची पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, मागे कोरस धरणारे तिघे-चौघे आणि मामांची इलेक्ट्रिक गिटार. मुंबईतला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा ती मामांकडे आली होती. दुसऱ्या पार्ट्यांमध्ये दोन कडव्यांच्या मध्ये बँजोवर बसवलेला ठरावीक तुकडा वाजायचा आणि गाणारा पुढचं कडवं धरायचा. मामांचं तसं नव्हतं. ते गाण्याच्या चालीवरून सुरुवात करत आणि हळूहळू चाल सोडून देत. कुठं जाणार हे गायकालाही माहीत नसे. तो माईक खाली धरून वाट बघत उभा राहायचा. मग ऐकणाऱ्यांना आता हा चुकला असं वाटत असतानाच मामा नेमके मुखड्यावर येऊन उतरत आणि मैदानात शिट्ट्या वाजत.

कट्ट्यावर याला 'घर सोडणं' म्हणत. हा शब्द बँडवाल्या बाबांचा. बाबांनी उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेली होती आणि आता दात गेल्यामुळे ते नुसते ऐकत. त्यांच्यासोबत कट्ट्यावर कायम असायचे ते नगरपालिकेतले एक कारकून आणि एक रिक्षावाला.

"काल तिसऱ्या गाण्यात गडी पार गोदा ओलांडून पंचवटीत गेला होता," रिक्षावाला म्हणायचा.

"पंचवटीत? मला तर वाटलं, म्हसरूळला मुक्काम करतो की काय!" कारकून म्हणायचे. "तुझं मीटर चालू होतं का रे?"

"मीटर कसलं काका, मी तर रिक्षाच सोडून दिली. म्हटलं, आता हा आणेल तेव्हा घरी जायचं."

बाबा दोघांनाही गप्प करायचे. "लांब कुणीबी जातं. येताना मुखड्याच्या उंबऱ्यावरच पाय पडला पाहिजे. शेजारच्या दारात नाय. काल पडला का? पडला. मग झालं तर."

एकेका कार्यक्रमाची अशी चिरफाड चालायची. तीन वर्षांपूर्वीच्या जयंतीला तेच गाणं कसं वाजलं होतं आणि काल कसं वाजलं, हे त्यांना तोंडपाठ असे. मी मामांचा भाचा आणि त्यात कॉलेजवाला, म्हणून मला कट्ट्यावर जागा मिळायची. मामा स्वतः तिथं कधी बसले नाहीत. नळावरून बादल्या घेऊन जाताना ते कट्ट्याजवळून जात. रिक्षावाला ओरडायचा, "दादा, काल काय खाऊन आला होतात?" मामा मान खाली घालून पुढे निघून जात. पूर्वी ते निदान हसायचे, शिवी हासडायचे. नंतर नंतर तेही बंद झालं.

"भाव खातोय," कारकून म्हणायचे.

"खाऊ दे," बाबा म्हणायचे. "त्याचा हक्क आहे."

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामांच्या वाजवण्यात फरक पडायला लागला. तुकडे लांबत चालले. पूर्वी ते घर सोडून जिथवर जात, त्याच्या कितीतरी पुढे जायला लागले. कधी कधी गायक पुढचं कडवं धरायला तोंड उघडायचा आणि मामा वाजवतच राहायचे, मग तो ओशाळून पुन्हा मागे सरायचा. ॲम्प्लिफायरचा आवाज त्यांनी वाढवला. वाजवताना ते खाली वाकून गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवायला लागले आणि डोळे मिटून घ्यायला लागले. वसाहतीतली पोरं काठ्या घेऊन तशीच हनुवटी टेकवून नक्कल करत फिरू लागली.

कट्ट्यानं या सगळ्याचा अर्थ लावला. गायकाला थांबवून ठेवतो, म्हणजे आता त्याची खरी हिंमत वाढली. आवाज मोठा केला, कारण आतून मोठं काहीतरी यायला लागलं. हनुवटी टेकवणं ही त्याची अदा. बाबा एकदा म्हणाले, "आता तो लोकांसाठी वाजवत नाय. स्वतःसाठी वाजवतोय. अशी वेळ लय थोड्यांची येते."

त्यांना एकच गोष्ट खटकत होती. ढोलकीवाला पूर्वी मामांच्या शेजारी बसायचा. आता तो सरकत सरकत त्यांच्या बरोब्बर समोर, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून बसायला लागला होता. हात जरा जास्तच उंच उचलायचा, मान हलवायचा.

"जळतोय त्याच्यावर," रिक्षावाला म्हणाला. "फोटोत आपण दिसलो पाहिजे, म्हणून पुढं बसतो."

"अरे, आमच्याकडे पाठ करून फोटोत काय दिसणार त्याचं? टक्कल?" कारकून म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. ढोलकीवाला मामांच्याच कारखान्यात कामाला होता, बाजूच्याच यंत्रावर. त्यानं हे टोमणे ऐकले होते, तरी तो समोरच बसत राहिला.

घरात कुणाच्या लक्षात काही आलं नाही, त्याचंही कारण होतं. आमच्या आळीतले निम्मे पुरुष अंबडच्या कारखान्यांत होते आणि बरेचसे प्रेस शॉपमध्ये. त्यांच्या घरांत सगळेच मोठ्यानं बोलत. बायका स्वयंपाकघरातून ओरडून हाक मारत, रेडिओ रस्त्यापर्यंत ऐकू येई. गावाहून माझी आई आली की तिला वाटायचं, सगळ्या आळीत भांडणं लागली आहेत. दोन दिवस राहिली की तीही मोठ्यानं बोलायला लागायची. कुणाला ऐकू कमी येतंय, हे अशा ठिकाणी कळणार कसं? मामी एकदा शेजारणीला हसत हसत सांगत होत्या, "अलीकडं हे माझ्या तोंडाकडं बघून बोलतात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मी शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हाच्या जयंतीचा कार्यक्रम मोठा होता. नाशिकरोडकडूनही लोक ट्रक भरून आले होते. संध्याकाळी पार्टी उभी राहिली. कट्ट्यावरचे तिघेही पुढच्या रांगेत होते आणि मी त्यांच्या मागे. दुसऱ्याच गाण्यात मामांनी घर सोडलं. हनुवटी लाकडावर टेकली, डोळे मिटले. बाबांनी मागे वळून मला खूण केली, ऐक आता.

तेवढ्यात स्टेजच्या कडेनं जाणाऱ्या कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि गिटारीच्या ॲम्प्लिफायरची पिन निसटली. माईक चालू होता, दिवे चालू होते, ढोलकी ऐकू येत होती. फक्त गिटार बंद झाली. मामांची बोटं मात्र तशीच तारांवर पळत होती.

लोक क्षणभर गोंधळले. ढोलकीवाल्यानं ठेका थांबवला. मला वाटतं, ते त्यानं मुद्दाम केलं, मामांना कळावं म्हणून. पण मामांचे डोळे मिटलेले होते. सगळं मैदान शांत झालं आणि त्या शांततेत मामा मान हलवत, ओठ आवळून, न वाजणारी गिटार वाजवत राहिले.

"अरे वा!" रिक्षावाला ओरडला. "आवाज काढल्याशिवाय वाजवतोय! बघा, बघा!"

कारकुनांनी टाळी वाजवली. पहिली टाळी आमच्या रांगेतूनच गेली, आणि मग सगळ्या मैदानानं ती उचलली. ही नवीन करामत आहे, असं सगळ्यांना वाटलं. शिट्ट्या वाजल्या, टोप्या उडाल्या. बाबा तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते मामांच्या बोटांकडे टक लावून बघत होते.

ढोलकीवाला उठला आणि त्यानं मामांच्या हातावर हात ठेवला. मामांनी डोळे उघडले. समोर लोक टाळ्या वाजवताना दिसले, तसे ते हसले आणि त्यांनी हात जोडले. मग त्यांना कडेला उभा असलेला माईकवाला दिसला. निसटलेली पिन त्याच्या हातात होती आणि ती कुठं खोचायची हे तो शोधत होता. मामांनी पिनेकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. त्यांचे जोडलेले हात बराच वेळ तसेच राहिले. मग ते गिटार गळ्यातून काढून मागच्या पायऱ्यांनी उतरून गेले.

मी घरी पोचलो तेव्हा मामी दारात उभ्या होत्या आणि ढोलकीवाला आत मामांसमोर बसला होता. मामांनी त्या दिवशी सगळं सांगितलं. कानांत रातकिडे ओरडायला लागले, त्याला आता चार-पाच वर्षं झाली होती. आधी बायकांचे, पोरींचे बारीक आवाज गेले. मग गर्दीत काहीच वेगळं ऐकू येईना. घरी शांततेत गिटार जवळ घेऊन तारा सुरात लावता येत होत्या. स्टेजवर मात्र लाकडाला हनुवटी लावली की जे हाडातून कळेल तेवढंच. परत कधी यायचं, ते मध्येच डोळे उघडून ढोलकीवाल्याचा हात बघून ठरवायचं. घर सोडून इतके लांब ते जायचे, कारण गायकानं कडवं धरलेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?" मामी ओरडल्या. त्या दिवशी त्या खरोखर रागानं ओरडल्या.

"कुणाला सांगू? सुपरवायझरला? तो म्हनला असता, यंत्रावरून उतर, झाडू घे. ह्याचं शेवटचं वर्ष हाय." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

 

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कामगार विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही. यंत्रावर राहिलात तर उरलेलंही जाईल. मामांनी मला विचारलं, काय म्हणाले. मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पाळीला गेले. माझी परीक्षा व्हायची होती.

त्या जयंतीची तपासणी कट्ट्यावर झाली नाही. तिघे येऊन बसले, चहा आला, पण कुणी विषय काढला नाही. ढोलकीवाला नळावर आला, तेव्हा रिक्षावाल्यानं त्याला गाठलं.

"तुला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"तुमच्याशी?" ढोलकीवाला म्हणाला. "तुम्ही त्याला देव करून ठेवलेला. आणि मला टकल्या." मग भरलेली बादली उचलून तो निघून गेला.

पावसाळ्यानंतर पार्टीची माणसं आमच्या घरी आली. कट्ट्यावरचे तिघेही सोबत होते. ढोलकीवाला मामांच्या समोर बसून, तोंड नीट दिसेल असं सावकाश बोलला. "दादा, आपन होतं तसंच करू. मी समोर बसतो. आता तर लपवायचं बी काय नाय. तू माझा हात बघ आन् वाजव."

"तुझा हात बघून ठेका कळंल," मामा म्हणाले. "माझं काय वाजतंय, ते कुनाचा हात बघून कळायचं?"

"आम्ही सांगू की!" रिक्षावाला म्हणाला. "आम्हाला कळतं."

मामा त्याच्याकडे बघून हसले, त्यात राग नव्हता. "तुमाला कळतं?" एवढंच ते म्हणाले. रिक्षावाल्यानं मान खाली घातली. बाबा पुढे झाले आणि त्यांनी मामांचा हात धरला. "मी दात गेल्यावर क्लॅरिनेट सोडली. मला निदान दुसऱ्याचं ऐकता येतंय. तुला मी काय सांगू?" ते म्हणाले. हे मामांपर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. बाबा फार हळू बोलले होते. मामांनी गिटार आतून आणली आणि हार्मोनियमवाल्याच्या मांडीवर ठेवली.

पुढच्या जयंतीपर्यंत मी पदवीधर झालो होतो आणि पेठकडच्या एका शाळेत रुजू झालो होतो. मी मुद्दाम सुट्टी काढून आलो. मामा अजून त्याच यंत्रावर होते. दोन मुलींची शिक्षणं राहिली होती, ती करायची म्हणत होते. पार्टीत नाशिकरोडचा एक नवा माणूस तीच गिटार वाजवत होता. मामा कार्यक्रमाला आले, एवढंच नव्हे, कट्ट्यावरच्या तिघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी आणि मामी त्यांच्या मागे होतो.

नव्या माणसानं पहिल्या गाण्यात तुकडा धरला. मामा स्टेजकडे बघत नव्हते. ते एकदा बाबांच्या तोंडाकडे बघत, एकदा कारकुनांच्या, एकदा रिक्षावाल्याच्या. तुकडा संपला. बाबांनी मान डोलावली, बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी ते पाहिलं आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लोकांच्या थांबल्या, तेव्हाही त्यांच्या चालूच होत्या. गायकानं पुढचं कडवं धरलं होतं. मामींनी मागून त्यांचा दंड धरला, तसे ते थांबले.